दोन सरळ खुंट्या

१

अँब्रोज गार्नम मेला तेव्हा त्याच्या कुशीत भोपळा होता. चेष्टा नाही. अर्धं घर अंगावर कोसळलेला तो म्हातारा माणसांनी तुळईखालून ओढून काढला, तेव्हा त्याचे दोन्ही हात एका धष्टपुष्ट हिरव्या भोपळ्याभोवती घट्ट होते, आणि भोपळ्याला साधा ओरखडाही नव्हता.

भोपळा चॅपेलसाठी, गावातल्या लहान चर्चसाठी होता. सुगीच्या प्रार्थनेला जो तो आपल्या बागेतलं उत्तमातलं उत्तम फळ घेऊन जातो आणि परमेश्वराच्या नावाखाली शेजाऱ्याचं नाक खाली करतो. इंग्लंडातल्या सफोकमधल्या त्या गावात तरी हे असंच चालत आलं होतं. अँब्रोज त्या रविवारी मुलीबरोबर चॅपेलला निघाला, अर्ध्या वाटेवर त्याला भोपळा आठवला, आणि "तू हो पुढं, मी आलोच" म्हणून तो मागे फिरला. पहिलं स्तोत्र संपायच्या आत, सुटलेल्या वाऱ्यात, थॉर्न एंड या त्यांच्या घराचं पूर्वेकडचं टोक खाली आलं. खालची बैठकीची खोली, वरची झोपायची खोली, कौलं, सगळं.

सार्जंट मेबल कॉपिंग सोमवारी सकाळी तिथे पोचली. अकस्मात मृत्यूंची चौकशी करून ती मरणाचं कारण ठरवणाऱ्या कॉरोनरपुढे ठेवणं हे तिचं काम. पन्नाशीची, रुंद हाडाची बाई. बोलायला गोड, पण समोरच्याचा खोटेपणा ऐकताना तिचा चेहरा उगाच जास्त प्रेमळ व्हायचा, आणि ज्यांना हे ठाऊक होतं ते तिला घाबरून असत.

घर होतं ओकच्या लाकडाचं. जाड खांब, त्यांच्यावर आडव्या तुळया, मधल्या चौकटींत कुडाच्या भिंती आणि वरून चुना. अशा घरात खिळा नसतो. तुळईच्या टोकाला जीभ काढायची, ती खांबाच्या खाचेत बसवायची आणि आरपार भोक पाडून दोन लाकडी खुंट्या ठोकायच्या, की सांधा शतकानुशतकं हलत नाही. इथला मात्र हलला होता. पूर्वेचा खांब बाहेर कलला होता आणि तुळईची जीभ खाचेतून सुटून आली होती.

"खुंट्या सापडल्या," गावचा हवालदार म्हणाला. त्याने रुमालात बांधलेल्या दोन खुंट्या उलगडल्या. "बघा की. नव्या कोऱ्या आहेत. मागल्या वर्षी एनॉक स्पॉलनं याच खांबाचा कुजका पाय बदलला. तेव्हाच याही घातल्या असणार. ओलं लाकूड वापरलंन् बेट्यानं. वाळून आक्रसल्या, पडल्या गळून, आणि घर खाली. सुताराच्या हलगर्जीपणानं माणूस गेला. तुरुंग आहे, दुसरं काय?"

खुंट्या ओकच्याच होत्या, सुबक तासलेल्या, एका टोकाला निमुळत्या. निमुळत्या टोकांवर चुना लागला होता. मेबलने त्या परत रुमालात बांधल्या आणि अँब्रोजच्या मुलीला भेटायला गेली.

थर्झा गार्नम दूधघरात होती. स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेल्यामुळे चहाची किटली तिने तिथेच आणली होती. दगडी फरशी, लोण्याची भांडी, आणि भिंती इतक्या पांढऱ्या की निळसर वाटाव्यात. थर्झा चाळिशी ओलांडलेली, उंच, हातांना थंडीने कायमच्या भेगा पडलेली.

"बाबा बैठकीत कशाला गेले असतील?" मेबलने विचारलं.

"तेच तर मला कळत नाही हो. ती खोली उन्हाळ्यापासून बंद होती. ओल येते म्हणून मीच कुलूप घातलं होतं. भोपळा आपला शेडमध्ये असेल असं मी धरून चालले होते." तिने कप खाली ठेवला. "शेजारच्या फिस्कला दिसू नये म्हणून लपवला असेल तिथे. दुसरी किल्ली असायची त्यांच्याकडे. मला कुठलं सुचायला!"

तिला रडू आलं नाही. तिने पुढे होऊन मेबलचा हात धरला.

"सार्जंटबाई, सगळे एनॉकचं नाव घेताहेत. एनॉकनं आयुष्यात एक सांधा सैल ठेवला नाही. तो तुरुंगात गेला तर मरेल तिथे. त्यानं केलेलं नाही हे. तुम्ही काय वाटेल ते करा, पण त्याचं नाव यातून काढा."

इतकी खात्री मेबलला नेहमीच खटकायची. पण थर्झाच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता.

२

अँब्रोजचा मुलगा रूबेन गावाबाहेरच्या नव्या बंगल्यात राहायचा. गरम पाण्याचे नळ, खोलीखोलीत हीटर, टेलिव्हिजन. बापाने त्याला घराचा उंबरठा चढायची बंदी केली होती, कारण त्याने थॉर्न एंड पाडून तिथे बंगले बांधायचं काढलं होतं.

"पाडायचंच होतं मला," रूबेन म्हणाला. "लपवून काय करू? चारचौघांत बोललोय. पण सरकारी यादीत नाव घातलंय ना त्याचं! ऐतिहासिक वास्तू! एक कौल हलवायचं तर अर्ज करा. कौन्सिलचे साहेब येतात, तुळया थोपटतात, वा वा करतात, चहा पितात आणि जातात आपल्या गरम घरी."

"आणि घर आपणहून पडलं असतं तर?"

"तर कोण काय करणार? मोकळी जमीन." मग मेबलच्या प्रश्नाचा रोख त्याच्या लक्षात आला. "अहो, मी बाप मारेन होय? बाबा हट्टी होते, पण रविवारी वाटेत दिसले की मी टोपी काढायचो. ते बघायचे नाहीत, तरी काढायचो."

"बैठकीत शेवटचे कधी गेला होतात?"

"आई गेली तेव्हा. शवपेटी तिथे ठेवली होती. विचारा थर्झाला. मी फाटकाच्या आत पाय टाकला असता तर म्हाताऱ्यानं कुत्रा सोडला असता."

ते खरं होतं. शेजारच्या फिस्कनेही तेच सांगितलं, आणि वर मरणाऱ्याचा भोपळा आपल्या भोपळ्यापेक्षा मोठा नव्हताच, हेही सांगून घेतलं.

एनॉक स्पॉलच्या कामाच्या पडवीत लाकडाचा ताजा वास होता. माणूस पन्नाशीच्या पुढचा, एकटा, बोलण्यात कंजूस.

"खांबाचा पाय बदलला मी," तो म्हणाला. "खालचा. वरच्या सांध्याला हात लावला नाही. गरजच नव्हती. तो सांधा आपल्या सगळ्यांना पोचवून मग गेला असता."

"मग या कुणाच्या?" मेबलने रुमाल उघडला.

एनॉकने एक खुंटी उचलली. बोटांत फिरवली, डोळ्यासमोर धरून तिची तासणी पाहिली. मग निमुळत्या टोकावरच्या चुन्यावर अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"माझ्याच आहेत," तो म्हणाला.

"आत्ताच म्हणालात की हात लावला नाही."

"खोटं बोललो. घाबरलो होतो. ओलं लाकूड होतं. माझीच चूक." त्याने खुंटी खाली ठेवली आणि कोट चढवला. "चला. कुठं सही करायची?"

३

कबुलीजबाबावर सही झाली. हवालदार खूष, कॉरोनरचा कारकून खूष. मेबलला मात्र जेवण गोड लागेना. माणूस सुटकेसाठी खोटं बोलतो हे तिने हजारदा पाहिलं होतं. तुरुंगात जाण्यासाठी खोटं बोलणारा तिला नवा होता.

ती अशाच एका घरात वाढली होती. लढाईच्या काळात विमानतळासाठी ते घर सरकारने पाडलं, आणि पाडताना निघालेल्या खुंट्या तिने व तिच्या भावाने फ्रॉकच्या ओच्यात नि टोपीत गोळा केल्या होत्या. त्यांच्या शर्यती लावायचा खेळ होता. पण शर्यत कधी पूर्ण व्हायची नाही, कारण एकही खुंटी सरळ घरंगळायची नाही. सगळ्या मधून वाकड्या. वडील म्हणायचे, सुतार तुळईच्या जिभेतलं भोक मुद्दाम केसभर बाजूला पाडतो. खुंटी ठोकली की ती त्या वाकड्या वाटेनं जाते, सांधा आवळून धरते आणि स्वतः जन्माची वाकडी होते.

मेबलने टेबलावर रुमालातली खुंटी ठेवली आणि बोटाने ढकलली. ती सरळ घरंगळत टेबलाच्या कडेवरून खाली पडली.

दुसऱ्या दिवशी ती थॉर्न एंडच्या धान्यकोठारात गेली. तिथला एक सांधाही एनॉकनेच मागल्या वर्षी नवा केला होता. फिस्कला हाताशी धरून, तुळईला टेकू देऊन तिने त्यातली एक खुंटी काढवली. बाहेरच्या बाजूने फिस्कने हातोडीचे कितीतरी दणके घातले, खुंटी जागची हलली नाही.

"तिकडून नाही निघायची," फिस्क घाम पुसत म्हणाला. "विसरलोच. ठोकतात बाहेरनं, तेव्हा बारीक टोक आतल्या अंगाला. काढायची तर आतनं ठोकायला हवी. बाहेरनं मारून तुम्ही ती आणखीच घट्ट करताय, सार्जंटबाई."

"मी कुठे, तुम्ही करताय," मेबल म्हणाली, पण तिचं लक्ष उडालं होतं.

आतून ठोकल्यावर खुंटी निघाली. नवी, एनॉकची, आणि वाकडी.

मेबल कोठाराच्या दारात बसली. रुमालातल्या खुंट्यांनी कधीच कुठला सांधा आवळला नव्हता. ओल्या लाकडाच्याही असत्या तरी वाकल्या असत्या. म्हणजे कुणीतरी जुन्या, वाकड्या, भरवशाच्या खुंट्या काढून टाकल्या होत्या आणि भोकं रिकामी दिसू नयेत म्हणून या सैल खुंट्या नुसत्या सारून ठेवल्या होत्या. असं काम एनॉक करणार नाही. त्याला खोट्या खुंट्या करायच्या असत्या तर त्या खऱ्यासारख्या वाकड्या केल्या असत्या. आणि जुन्या काढणारा माणूस घराच्या आत उभा होता, बंद बैठकीत. रूबेनला उंबरठा वर्ज्य होता. अँब्रोजची बोटं संधिवाताने आखडलेली. भोपळा तो कवेत धरू शकायचा, हातोडी नाही. शिवाय जो माणूस खुंट्या काढतो तो त्याच खोलीत भोपळा जपून ठेवत नाही.

तिने ढिगाऱ्यातून बैठकीच्या भिंतीचा एक पोपडा उचलला. वर्षानुवर्षांच्या धुराने चुना सायीसारखा पिवळट झाला होता. खुंटीच्या टोकावरचा चुना तिने थुंकी लावून चोळला आणि पोपड्याशेजारी धरला. तो पिवळट नव्हता, नुसता पांढराही नव्हता. एनॉकचा अंगठा का थबकला ते तिला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला मनापासून वाटलं.

४

थर्झा दूधघरात भांडी घासत होती. मेबल दारात उभी राहून भिंतींकडे पाहत राहिली.

"नीळ घालतेस का चुन्यात?"

"आई घालायची," थर्झा पाठमोरीच म्हणाली. "कपड्यांची नीळ. चिमूटभर. माश्या येत नाहीत म्हणतात, आणि पांढरं खुलतं. फक्त इथेच हं. बैठकीत साधा चुना. बाबांना निळसर..."

घासणी थांबली. भांड्यातून पाणी ओघळत राहिलं.

मेबलने दोन खुंट्या फरशीवर ठेवल्या. "थर्झा, टोकं नवी दिसू नयेत म्हणून कुणीतरी त्यांच्यावर चुन्याचा हात फिरवला. जी बादली नेहमी हाताखाली असते तीच घेतली. त्या बादलीत नीळ आहे हे त्या माणसाच्या ध्यानातही आलं नसणार, इतकी त्याची सवय."

"एनॉकनं कबूल केलंय ना?"

"त्यानं टोकावर अंगठा फिरवला आणि मग कबूल केलं. त्याच्याआधी नाही म्हणत होता."

थर्झा हळूच दुधाच्या कॅनवर बसली. एनॉकने आपल्याला वाचवायला कबुली दिली हे तिला माहीत नव्हतं. बाप मेल्यावर जे रडू आलं नव्हतं ते आता आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही.

"मूर्ख आहे तो," ती म्हणाली. "महामूर्ख! मी कशाला मग तुमच्या हातापाया पडले?"

"का केलंस?"

"थंडीमुळे." ती हसल्यासारखं करत म्हणाली. "खरंच. तुम्हाला हसू येईल. या घरात सगळ्या फटीतून वारा येतो. सकाळी उशाच्या पाण्यावर बर्फ असतं. मी जन्मल्यापासून पाणी वाहतेय, लाकडं वाहतेय, बाबांचं रात्रीचं भांडं जिन्यावरून खाली नेतेय. एनॉकनं मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी तरुण होते. पण बाबा घर सोडेनात, मी बाबांना सोडेना. म्हटलं, एक टोक पडू दे. कुणाला लागायला नको. घर राहण्याजोगं नाही असं कौन्सिलचे साहेब म्हणतील, बाबांना नाइलाजानं रूबेनच्या बंगल्यात जावं लागेल, ऊब मिळेल, आणि मी... मी एनॉकला हो म्हणेन."

"म्हणून खोलीला कुलूप."

"कोणी आत जाऊ नये म्हणून. वरच्या खोलीतला पलंगसुद्धा हलवला होता मी. फडताळातली सगळी ताटं उतरवली, फडताळ सरकवलं, जुन्या खुंट्या काढल्या, चुलीत घातल्या. एनॉक पाय बदलताना राहिलेले तुकडे होते, त्यांच्या या केल्या. मग वाट बघत बसले वाऱ्याची. आणि भोपळा!" तिने तोंडावर हात दाबला. "सगळ्या गोष्टींचा विचार केला हो मी. त्या भोपळ्याचा कसा करणार?"

मेबलला तिच्यावर राग यायला हवा होता. आली ती नुसती कणव, आणि कणवेचा कॉरोनरला काही उपयोग नसतो. क्षणभर तिच्या मनात आलं की त्या दोन खुंट्या उचलाव्यात आणि चुलीत टाकाव्यात. पण मग एनॉक गेलाच.

"तू बोलली नाहीस तर त्याला शिक्षा होईल," ती म्हणाली.

"बोलणार तर! आत्ता चला." थर्झाने एप्रन सोडला, घडी घातली. दारात मात्र ती थांबली. "एकच करा. खुंट्या मी काढल्या एवढं त्याला कळू दे, का ते कळू देऊ नका. मला हे घर नको होतं हे त्याला माहीत नाही. दर वर्षी तो काही ना काही सांधून जायचा, कधी पुरते पैसेही घेतले नाहीत. माझ्यासाठी म्हणून करायचा हो. मला आवडतं असं वाटायचं त्याला, आणि मी म्हणायचे, किती छान झालं. तो सांधत राहिला म्हणून हे आपणहून पडलं नाही आणि मी सुटले नाही, असं त्याला कोणी सांगू नका."

मेबलने होकारार्थी मान हलवली.

५

थर्झाने गुन्हा कबूल केला, त्यामुळे कोर्टात फारसं बोलणं झालंच नाही. बापाचा जीव गेला तो गेला, आणि निरपराध माणूस पोलिसांच्या हाती अडकलेला दिसत असूनही ती गप्प राहिली, हेही न्यायाधीशाने धरलं. शिक्षा ऐकताना ती ताठ उभी होती. रूबेन मागच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता.

बंगल्यांचं रूबेनच्या मनातलं चित्रही तिथेच पुसलं गेलं. घर कुजून पडलं असतं तर जमीन मोकळी झाली असती. पण लाकूड ठणठणीत होतं, ते पाडलं गेलं होतं, हे मेबलच्याच अहवालाने शाबित झालं. कौन्सिलचे साहेब आले, तुळया थोपटल्या, आणि फर्मान काढलं की पडलेला भाग होता तसा, त्याच लाकडांत, त्याच जागी पुन्हा उभा करायचा. मेबलला आपल्या चौकशीचं एवढंच फळ दिसलं.

खोट्या जबाबाबद्दल एनॉकला तंबी देऊन सोडून दिलं होतं. पानं गळून गेल्यावर मेबल एकदा त्या रस्त्याने जात होती, तेव्हा तो थॉर्न एंडच्या अंगणात एकटाच दिसला. तुळया गवतावर ओळीने मांडल्या होत्या. तो खाली वाकून एकेका लाकडावर सांध्याची खूण कोरत होता.

मेबल फाटकाशी थांबली. "माझ्यावर राग आहे, एनॉक?"

"होता." त्याने वर पाहिलं नाही. "माझं काय बिघडलं असतं आत गेलो असतो तर? एकटा जीव. तिला तेवढी मोकळीक मिळाली असती."

"तिनं तुम्हाला जाऊ दिलं नसतं."

"हो. तशीच आहे ती." तो जरा वेळ कोरत राहिला. "का केलंन् ते मला कळत नाही. विचारायला गेलो तर बोलत नाही. म्हाताऱ्यानं छळलं असेल, दुसरं काय! घरावर तर जीव होता तिचा. मी एक फळी बदलली तरी हात फिरवून बघायची."

मेबलने फाटकावरचा हात काढून कोटाच्या खिशात घातला.

"कौन्सिलवाल्यांनी दुसरा सुतार बघितला होता," एनॉक म्हणाला. "मी म्हटलं, हे घर मीच बांधणार. ती सुटून येईल तेव्हा म्हातारी झालेली असेल. कुठे जाईल? निदान आपलं घर तरी असू दे तिला, जसंच्या तसं. भिंतसुद्धा हलवणार नाही."

वारा सुटला होता. उरलेल्या अर्ध्या घराच्या फटींतून तो आत शिरत होता आणि वरच्या मजल्यावर कुठलंसं दार आपटत होतं.

"छान होईल," मेबल म्हणाली.

एनॉक पहिल्यांदा हसला. त्याने पटाशी उचलली आणि तो पुढच्या तुळईकडे वळला.